इराकमधली यादवी : इशारे कधी मिळाले होते?

प्रश्न : 3 ऑगस्ट 2006 रोजी मध्यपूर्वेतल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल जॉन अबिझेद यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की बगदादमधला शिया-सुन्नी पंथीय हिंसाचार थांबला नाही तर इराक यादवीकडे जाऊ शकतो. तोवर कुणालाच याची कल्पना नव्हती का?

उत्तर : चांगलीच होती. जानेवारी 2004 मध्येच इराकमधल्या सीआयए अधिकाऱ्यांनी असा इशारा वॉशिंग्टनला दिल्याचे अमेरिकी वृत्तपत्रांत छापून आले होते. तेव्हा वाद निवडणुकीचा होता. इराकचा ताबा असलेल्या अमेरिकेला प्रांतोप्रांतीच्या निवडक सभांमधून विधिमंडळ नेमायचे होते, तर इराकी शियांचे सर्वोच्च धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी थेट मतदानावर अडून बसले होते. ही मागणी धुडकावली तर सुन्नी बंडखोरांपाठोपाठ शियाही शस्त्र उचलतील, अशी धास्ती होती. जुलै 2004 च्या राष्ट्रीय गुप्तचर अंदाजात, म्हणजे अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या एकत्रित अहवालात, 2005 अखेरपर्यंतच्या तीन शक्यता मांडल्या होत्या. त्यांतली सर्वांत वाईट होती यादवी.

मात्र इशारा मिळूनही पुढची पावले चुकली. 30 जानेवारी 2005 ला मतदान झाले, पण त्यासाठी सगळा देश हा एकच मतदारसंघ धरला गेला. बहिष्कार आणि दहशत यांमुळे सुन्नीबहुल अनबारमध्ये जेमतेम दोन टक्के मतदान झाले. प्रांतवार जागा ठरलेल्या असत्या, तर मतदान कितीही कमी झाले तरी अनबारच्या वाट्याच्या जागा अनबारलाच मिळाल्या असत्या. एकच मतदारसंघ असल्याने त्या इतरांकडे गेल्या. परिणामी राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत सुन्नी अरब नावापुरतेच उरले. डिसेंबर 2005 च्या निवडणुकीत 275 पैकी 230 जागा प्रांतवार वाटल्या, पण तोपर्यंत घटना मंजूर होऊन गेली होती.

प्रश्न : लाखाहून अधिक परदेशी सैनिक तैनात असताना यादवी पेटतेच कशी?

उत्तर : सैनिक चौकात उभे राहू शकतात. पण गल्लीतल्या कोणत्या घरात कोण राहते हे स्थानिक पोलिसालाच ठाऊक असते, आणि ती यंत्रणाच मोडून टाकली होती. मे 2003 मध्ये इराकमधल्या अमेरिकी प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांच्या पहिल्या आदेशाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतल्या सदस्यांना सरकारी नोकरीतून काढले. दुसऱ्या आदेशाने सैन्य बरखास्त झाले. सुमारे चार लाख माणसे, ज्यांना शस्त्र चालवता येते आणि दारूगोळ्याची कोठारे कुठे आहेत हे माहीत आहे, ती बेकार झाली. निदर्शने झाल्यावर महिन्याभराने त्यांच्यासाठी भत्ता जाहीर झाला. आमच्या मते सगळ्यांत महागात पडलेला निर्णय सैन्य बरखास्तीचाच.

रिकामी झालेली जागा शिया पक्षांच्या सशस्त्र टोळ्यांनी भरली. त्यांची माणसे थेट गृहखात्याच्या गणवेशात आली. नोव्हेंबर 2005 मध्ये बगदादच्या जादिरिया भागात गृहखात्याच्याच तळघरात दीडशेहून अधिक कैदी सापडले. त्यांतले बहुतेक सुन्नी होते आणि अनेकांच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या. दारावर पोलीस आला की माणूस संरक्षणासाठी शेजारच्या टोळीकडे धावू लागला. 22 फेब्रुवारी 2006 ला समारा शहरातल्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी दर्ग्याचा घुमट स्फोटात उडाला, तेव्हा ठिणगी या सगळ्यावर पडली.

प्रश्न : मग याला यादवी म्हणायचे की नाही?

उत्तर : जानेवारी 2007 च्या गुप्तचर अंदाजाने हा शब्द अपुरा ठरवला, कारण शियांची आपसांतली मारामारी, अल-कायदाचे हल्ले आणि निव्वळ गुन्हेगारी हे सारे त्यात बसत नव्हते. तरीही संघर्षाच्या मुख्य अंगांना तो लागू पडतो, असेही त्यात लिहिले होते. नावावरच्या वादापेक्षा आम्ही स्थलांतराकडे बघू. हल्ल्यांचे आकडे महिन्यागणिक वरखाली होतात, पण मिश्र वस्तीतली कुटुंबे घर सोडून आपापल्या पंथाच्या भागात जाऊ लागली की ती सहसा परतत नाहीत. बगदादमध्ये तर नाक्यावर ओळखपत्रावरचे ‘उमर’ हे सुन्नींमध्ये रूढ असलेले नाव जिवावर बेतू लागले होते, आणि लोक दुसऱ्या नावाची खोटी ओळखपत्रे खिशात बाळगत होते.