नागपूरकडे हिवाळ्यात म्हशींसाठी बरसीम लावावं की लसूणघास?

पाच म्हशी, ओलिताचं दोन एकर वावर आणि ढेपेचा न परवडणारा खर्च, असं तुम्ही लिहिलंय. माझं सरळ मत: सोयाबीन निघालं की अर्धा एकर बरसीम, म्हणजे हिवाळ्यात पुन्हा पुन्हा कापता येणारा हिरवा चारा, लावा. लसूणघास (ल्युसर्न) चाराही चांगलाच, पण तो दोन-तीन वर्षं जागा अडवतो आणि आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं सडतात. बरसीमला थंडी मानवते. ऊन तापायला लागलं की ते संपतं आणि खरिपासाठी वावर मोकळं होतं. कळमेश्वरकडच्या आमच्या गोठ्यात हिवाळ्याची भिस्त त्याच्यावरच असते.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. एकरी १० ते १२ किलो बियाणं लागतं, म्हणजे तुम्हाला ५-६ किलो. ते आधी मिठाच्या पाण्यात टाका, १० लिटरला अर्धा ते एक किलो मीठ. कासनी या तणाचं बी वर तरंगतं, ते काढून टाका आणि खालचं बी स्वच्छ पाण्याने धुवा. मग बरसीमचंच रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवा. वावरात वर्षानुवर्षं हरभरा घेतला असला तरी त्याचे जिवाणू इथे कामाचे नाहीत, बरसीमचे वेगळे असतात. महिन्याभराने एक रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी दिसली तर हवेतला नत्र धरायचं काम सुरू झालं. पांढरट असेल तर अजून नाही.

पहिली कापणी ५० दिवसांच्या आसपास, पुढच्या २५ ते ३० दिवसांनी. वाफे पाळीने कापा, म्हणजे शेवटचा संपेस्तोवर पहिला पुन्हा तयार होतो. पहिल्या कापणीत चारा कमी निघतो, म्हणून बियात थोडी मोहरी किंवा ओट मिसळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं कोवळं बरसीम उपाशी जनावरापुढे कधीच टाकू नका, पोट फुगून म्हैस दगावू शकते. सकाळचं दव सुकू द्या, चारा थोडा कोमेजू द्या. आधी तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा वाळला भुसा) खाऊ घाला, मग त्यातच मिसळून बरसीम द्या. डावी कूस फुगलेली दिसली तर वाट न बघता डॉक्टरला बोलवा.

ढेप एकदम बंद करू नका. दुधाचं माप बघत हळूहळू कमी करा. बरसीममध्ये कॅल्शियम भरपूर पण फॉस्फरस कमी, त्यामुळे खनिज मिश्रण मात्र चालूच ठेवा.