कान तोफेने गेले, मग ‘सर्व्हिसमुळे नाही’ कसं?

नमस्कार हवालदार साहेब, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तोफखान्यात 17 वर्षं, 2019 ला रिटायर, जाताना रिलीज मेडिकल बोर्डाने दोन्ही कानांची मिळून 20 टक्के डिसॅबिलिटी आयुष्यभरासाठी लिहिली पण खाली शेरा मारला की ही सर्व्हिसमुळे झालेली नाही आणि सर्व्हिसने वाढलेलीही नाही, कारण तेव्हा तुमचं पोस्टिंग देवळालीला म्हणजे पीस स्टेशनला (लढाईच्या भागाबाहेर) होतं. डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम नामंजूर झाला, तुम्ही अपील केलं नाही. आता परळला सिक्युरिटीची ड्युटी करता, दादरला अनाउन्समेंट ऐकू येत नाही म्हणून इंडिकेटरवर डोळा ठेवून उभे राहता, आणि एक जण म्हणतोय कोऱ्या कागदांवर सह्या द्या, पैसे मिळाले की 25 टक्के माझे.

सही अजिबात करू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, आणि तो वकीलच नसेल तर मग बोलायलाच नको.

आता मुद्द्याचं. तुम्ही प्रायव्हेटमध्ये कानाची तपासणी करून टक्के वाढवायच्या मागे आहात असं दिसतं, ते सध्या सोडा. या पेन्शनला किमान 20 टक्के लागतात, ते बोर्डाने स्वतःच दिलेत. भांडण फक्त त्या शेऱ्याशी आहे, फौजेत ज्याला ‘नाना’ म्हणतात त्याच्याशी. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या वेळी मेडिकलमध्ये आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं धरायचं, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं द्यायला पाहिजेत. तुमच्या बोर्डाने काय कारण दिलं, तर पीस स्टेशन. अहो देवळालीला तोफखान्याची ट्रेनिंग आणि फायरिंग रेंज आहे! तिथे तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला पीस काय आणि फील्ड काय, हे मला लिहितानाही संताप येतो. तुम्ही लिहिलंय की 105 एमएम तोफेच्या फायरिंगनंतर रात्रभर कानात शिटी वाजायची आणि सकाळी पुन्हा तीच ड्युटी. हे असंच्या असं अपिलात लिहा, कुठल्या साली कुठे फायरिंग केलं तेही, आणि त्याच गनवरचा एखादा जोडीदार असेल तर त्याचं अ‍ॅफिडेव्हिट घ्या.

त्याआधी कागद हवेत. नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला आरटीआय टाका, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, आर्मी नंबर लिहून, आणि भरतीचं मेडिकल, मधली सगळी मेडिकल, रिलीज बोर्डाचा पूर्ण रिपोर्ट आणि नामंजुरीचं पत्र मागा. मग पहिलं अपील. मुदत 6 महिन्यांची होती, ती गेलीय, पण उशीर माफ करायचा अर्ज सोबत जोडता येतो. 6 महिन्यांत उत्तर नाही आलं किंवा पुन्हा नाहीच म्हणाले तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं न्यायाधिकरण, आपलं मुंबईतलंच आहे, मलबार हिलला, दिल्लीला जायला लागत नाही. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने डावलला जातो म्हणून उशिरामुळे केस मरत नाही, पण तरसेम सिंग केसनुसार (2008) थकबाकी साधारण केस टाकण्याआधीच्या 3 वर्षांचीच मिळते, म्हणजे बसून राहिलात तर दर महिन्याला मागचा एक महिना हातातून जातोय.

किती मिळेल विचारलंत. 2014 च्या राम अवतार निकालानंतर तुमच्यासारखं नोकरी पुरी करून रिटायर झालेल्यांचेही 20 टक्के 50 धरले जातात. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, म्हणून 50 ला 15. पगार 40,000 धरला तर 6,000 महिना आणि वर महागाई, आत्ताच्या पेन्शनशिवाय वेगळे. डिसॅबिलिटी पेन्शनच्या सप्टेंबर 2023 च्या नव्या नियमांची भीती कोणी घालत असेल तर ऐकू नका, ते त्यानंतर बाहेर पडलेल्यांसाठी, तुम्ही 2019 ला बाहेर पडलात.

फीची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अपील लिहायला मदत करतात, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. कुठल्याही वकिलाकडे जाल तेव्हा वहिनींना सोबत न्या आणि फोनवर काही ठरवू नका, तुम्हाला नीट ऐकू येत नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा, त्यात कमीपणा काही नाही.