मनी प्लांटला पांढरा पट्टा आलाय? आधी खोड बघा

नाशिकहून प्रश्न आलाय: घरच्या मनी प्लांटवर पांढरा पट्टा आलाय, ही नवी जात म्हणून नाव देऊन विकता येईल का? अभिनंदन! पण नुसत्या पानावरचा पांढरेपणा अन्नद्रव्याच्या कमतरतेनं किंवा व्हायरसनंही येतो. पट्टा देठातून खोडावर उतरलेला दिसला, तर नव्या जातीची आशा धरा.

- कटिंग अशा पेराचं घ्या, जिथे खोडावर पांढरं-हिरवं दोन्ही आहे. निव्वळ पांढरा फुटवा दिसतो झकास, पण हरितद्रव्याशिवाय तगत नाही.
- पूर्ण हिरवे फुटवे लगेच छाटा, नाहीतर तेच वेल बळकावतात.
- नाशिकचं एप्रिलचं ऊन थेट नको. पांढरा भाग करपतो.

नाव, विक्री, नोंदणी सगळं नंतर. आधी कटिंगचं कटिंग काढून पट्टा टिकतो का ते पाहा. द्राक्षातलं सोनाका वाणही थॉमसन या जुन्या वाणाच्या अशाच बदललेल्या फांदीतून आलंय. आणि हो, मूळ कुंडी कितीही भाव आला तरी विकू नका.