जर्मनीची मुलगी, सासूबाई आणि डिसेंबरची तिकिटं

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा दहाचा. ऑगस्टपासून शाळेचं वर्षभर जर्मनीची एक सोळा वर्षांची मुलगी ठेवून घ्याल का, अशी विद्यार्थी-अदलाबदल करणाऱ्या एका संस्थेकडून विचारणा झालीय. आमची लेक हटूनच बसलीय. पण सासू-सासरे ऑक्टोबरपर्यंत इथेच आहेत, सुट्टीत मुलांचं पोहणं, कॅम्प, गणपतीच्या ढोल-ताशाची प्रॅक्टिस यातून उसंत नाही, घर शाकाहारी, आणि डिसेंबरची भारताची तिकिटं काढून झालीत. संस्थेच्या बाई सारख्या फोन करतात. हो म्हणू का?

उत्तर : बाई सारख्या फोन का करतात ते आधी सांगते. जे-वन, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या व्हिसावर शाळेसाठी येणाऱ्या मुलांचं घर ३१ ऑगस्टपर्यंत ठरवावंच लागतं. त्यामुळे जुलै उलटला की संस्थांच्या तोंडचं पाणी पळतं. ती घाई त्यांची. तुम्ही आठवडाभर वेळ मागून घ्या आणि तेवढ्यात घरातल्या तीन गोष्टींचा निकाल लावा.

पहिली, खोली. मुलीला स्वतःचा पलंग हवा. हवा भरायची गादी किंवा सोफा-कम-बेड चालत नाही. लेकीच्या खोलीत दुसरा पलंग टाकला तर नियमात बसतं. पण पंधरा-सोळाच्या वयाच्या दोन मुली दहा महिने एका खोलीत म्हणजे नोव्हेंबरपर्यंत दार आपटायला सुरुवात. सासू-सासरे गेले की त्यांची खोली तिला द्यायची, हे आत्ताच ठरवा आणि लेकीलाही सांगा. घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली जाते. तेव्हा सासू-सासरे घरात आहेत हे फॉर्म भरतानाच सांगा. ‘ते काय, चार महिन्यांचे पाहुणे’ म्हणून गाळू नका.

दुसरी, डिसेंबर. याचा विचार बहुतेक जण फार उशिरा करतात. तिला मागे एकटं ठेवता येणार नाही. बरोबर न्यायचं तर संस्थेची आणि तिच्या आईवडिलांची लेखी परवानगी, तिचा भारताचा व्हिसा, आणि अमेरिकेत परत शिरता यावं म्हणून डीएस-२०१९ या कागदावर संस्थेची सही, एवढं सगळं लागेल. तिकीटही तेव्हा महागच मिळेल. दुसरा मार्ग म्हणजे तेवढे दिवस संस्थेने तिची सोय दुसऱ्या कुटुंबाकडे करायची. पण तिच्या घरापासून दूरच्या पहिल्या नाताळात तिला दुसऱ्याच्या दारात सोडून आपण पुण्याला जायचं, हे मला काही बरं वाटत नाही. संस्थेकडून याचं उत्तर लेखी आल्याशिवाय होकार देऊ नका.

तिसरी, जेवण. घर शाकाहारी आहे हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. बाहेर ती काय खाईल याला तुमची हरकत आहे का, घरात मांसाचा डबा आणला तर चालेल का, तेही लिहा. अडचण भाजीची कमी आणि आपल्या आग्रहाची जास्त असते. ती ‘नको’ म्हणाली की तिला खरंच नको असतं. आपल्याकडे पहिलं ‘नको’ कुणी धरत नाही. पोळीवर पोळी वाढली जाते, ती पानात टाकते आणि आजीचा चेहरा उतरतो. पहिले काही दिवस भांडी मध्ये ठेवा आणि ज्याचं त्याला वाढून घेऊ द्या. फ्रिजमध्ये एक कप्पा तिचा : ब्रेड, चीज, दही, फळं. संध्याकाळी भूक लागली तर तिने कुणाला विचारायची गरज पडू नये.

पैशांचं थोडक्यात. यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. जेवण-राहणं तुमच्याकडून, हातखर्च तिच्या घरून, आणि तिचा आरोग्य विमा असायलाच हवा. टॅक्स भरताना आयटमाइझ करत असाल, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवत असाल, तर महिन्याला ५० डॉलरपर्यंत वजावट मिळते. त्यात तिचं दूधही येत नाही.

ऑगस्टच्या धावपळीची मला एवढी चिंता वाटत नाही. फक्त तिला कार्यक्रमासारखं मिरवू नका. मंडळात नेऊन साडी नेसवून फोटो काढायची हौस असतेच आपल्याला, ती दिवाळीपर्यंत आवरा. तिला एक काम लावून द्या, डिशवॉशर रिकामा करणं वगैरे, आणि तेवढंच काम तुमच्या मुलांनाही. ती काम करतेय आणि तुमचा दहा वर्षांचा राजा सोफ्यावर, हे तिला पहिल्याच दिवशी दिसेल. बहुतेक संस्था या मुलांना गाडी चालवू देत नाहीत, म्हणजे ने-आण तुमच्याकडेच. ढोल-ताशाला तिलाही न्या, कंटाळली तर पुढच्या वेळी घरी राहू द्या. सासरे पत्ते खेळत असतील तर बदाम सात शिकवू देत. त्याला इंग्रजी लागत नाही.

एवढं करूनही मन डळमळीत असेल तर ‘वेलकम फॅमिली’ होता येतं का ते विचारा. मुलीला सुरुवातीचे काही आठवडेच ठेवून घ्यायचं, तेवढ्यात संस्था कायमचं घर शोधते. मात्र घर सापडलं नाही तर पुढे काय, हेही तेव्हाच विचारून ठेवा. लळा लागलेल्या मुलीला नाही म्हणणं तुम्हाला जमणार नाही.

आणि एक. लेकीचं मत कळलं. सासूबाईंचा उल्लेख मात्र पत्रात फक्त अडचण म्हणून आलाय. तुम्ही दोघं कामावर गेलात की शाळा सुरू होईपर्यंत दिवसभर त्या मुलीबरोबर घरात त्याच असणार. संस्थेला फोन करण्याआधी त्यांना विचारा.