पापाला त्याच्या नावाने हाक मार

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. रोज रात्री गुडघे टेकून तू एकाच गोष्टीची क्षमा मागतोस आणि सकाळी डोळे उघडतोस तेव्हा ती पुन्हा छातीवर बसलेली असते, असे तू लिहिले आहेस. दुसऱ्यांदा वाचताना मात्र माझ्या ध्यानात आले की चार पानांत त्या गोष्टीचे नाव कुठेच नाही. ‘तो प्रकार’, ‘जे घडले ते’, ‘तसे काही’ असे शब्द आहेत, आणि एके ठिकाणी तू काहीतरी लिहून इतके गच्च खोडले आहेस की कागद फाटायला आला आहे. तिथे काय लिहिले होते हे मला कळण्याची मुळीच गरज नाही. पण प्रार्थनेतही तू असेच खोडत असशील, तर तुझ्या अस्वस्थतेचे मूळ तिथे असावे असे मला वाटते.

‘प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ ही प्रार्थना खोटी नाही. उपासनेत आपण सगळे मिळून ती करतो आणि ती करावीच. परंतु एकांतात तिच्या आड लपता येते, कारण ‘सर्व पापे’ म्हटले की कोणतेच एक पाप समोर उभे राहत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) आपण आपली पापे पदरी घेतली तर देव विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे क्षमा करील, असे अभिवचन आहे. तिथे ‘पदरी घेणे’ यासाठी असलेल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘तेच म्हणणे’ असा होतो. देव ज्याला चोरी म्हणतो त्याला आपणही चोरी म्हणायचे, तो ज्याला खोटे म्हणतो त्याला ‘गैरसमज’ म्हणायचे नाही. देवाला माहिती पुरवण्यासाठी कबुली नसते, त्याला सगळे ठाऊकच असते. आपण त्याच्याशी सहमत व्हावे यासाठी ती असते.

इस्राएलचे राजे शौल आणि दावीद यांच्या कबुल्या तू एकदा शेजारी शेजारी ठेवून वाच. दोघांनीही ‘मी पाप केले आहे’ हेच शब्द उच्चारले. पण शौलाच्या तोंडी (१ शमुवेल १५) त्याला लागूनच कारण येते, की मला लोकांची भीती वाटली. आणि थोड्याच वेळात तो शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की निदान वडीलजनांसमोर माझा मान राख. दावीदाने बथशेबेशी व्यभिचार करून तिच्या नवऱ्याला मारवले होते; नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हटल्यावर दावीद (२ शमुवेल १२) जे बोलला ते मूळ इब्रीत अवघे दोन शब्द आहेत: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. बथशेबाचे नाव नाही, राजेपणाच्या ओझ्याची सबब नाही, ‘पण’ नाही. माझ्या मते कबुली खरी की खोटी हे अश्रूंवरून कळत नाही, तिच्यामागून ‘पण’ येतो की नाही यावरून कळते.

नाथानाने त्याच क्षणी दावीदाला क्षमेचा निरोप दिला, आणि तरीही पुढची कितीतरी वर्षे त्याच्या घराने त्या कृत्याची फळे भोगली. क्षमा झाली म्हणजे परिणाम पुसले गेले, असे तुला कोणी सांगितले असेल तर ते खरे नाही. तसेच परिणाम दिसत आहेत म्हणजे क्षमा झालेली नाही, हेही खरे नाही. योहानाने क्षमेच्या त्या वचनात ‘दयाळू’ असे न म्हणता ‘न्यायी’ म्हटले आहे, याकडे मी तुझे लक्ष वेधू इच्छितो. वधस्तंभावर ज्याची किंमत चुकती झाली ते ऋण देव दुसऱ्यांदा मागणार नाही. म्हणून एकदा नाव घेऊन कबूल केलेले पाप रोज रात्री पुन्हा उकरून काढणे ही नम्रता वाटली, तरी त्याच्या शब्दावरचा तो अविश्वास असतो. आठवण आली तर क्षमेबद्दल आभार मान आणि झोपी जा.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. तुझ्याच वयाचा असताना मी तरुण संघाचा खजिनदार होतो आणि जमा झालेल्या पैशातून काही रक्कम मी स्वतःसाठी वापरली. परत ठेवीन असे म्हणत राहिलो. तीन वर्षे मी मोघम क्षमा मागितली आणि तीन वर्षे स्तोत्र ३२ मध्ये म्हटल्याप्रमाणे माझी हाडे झिजत राहिली. शेवटी एका संध्याकाळी मी कोऱ्या कागदावर लिहिले, ‘मी चोरी केली’. ते तीन शब्द लिहायला मला जवळपास तासभर लागला. दुसऱ्या दिवशी, गणना ५:७ मधील नियमाप्रमाणे मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून, मी ते पाकीट मंडळीच्या एका वृद्ध वडीलजनांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून नोटा मोजल्या, पावतीपुस्तक काढले, कार्बन नीट सरळ केला आणि पावती फाडून माझ्या हातात दिली. मग पुस्तक मिटून ते माझ्यासोबत गुडघ्यांवर आले. पाकिटाने क्षमा विकत मिळाली नाही. ती आदल्या संध्याकाळीच मिळाली होती. पण लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी तारण आले तेव्हा चौपट परत करण्याची भाषा त्याच्या तोंडी आपसूक आली, तसेच हे असते.

आता माणसांसमोर कबुली द्यावी का, या तुझ्या प्रश्नाकडे येतो. कॅथलिक मंडळीत धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतात. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून निदान एकदा बंधनकारक केले, आणि धर्मगुरूने ऐकलेले कोणत्याही कारणाने बाहेर सांगायचे नसते. तुझ्या-माझ्या परंपरेत तशी सक्ती नाही. पण एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा, ही याकोबाची आज्ञा (५:१६) आपल्यालाही आहेच. तोंड मिटून ठेवणारा, प्रार्थना करणारा आणि तुला खोटा दिलासा न देणारा एक माणूस निवड. साऱ्या मंडळीपुढे उभे राहण्याची घाई करू नकोस. पाप जितक्यांविरुद्ध झाले तितक्यांपुढे कबुली पुरेशी असते. आणि ज्याचे तू नुकसान केलेस त्याच्याकडे जाशील तेव्हा स्वतःचे मन हलके करण्यासाठी जाऊ नकोस, त्याचे देणे फेडण्यासाठी जा. त्याने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षाही धरू नकोस. त्याला वेळ लागेल, कदाचित तो दारही उघडणार नाही. त्याने रागवू नये असे म्हणण्याचा अधिकार तुला नाही.

आज रात्री कागद घे आणि जे खोडलेस ते पुन्हा लिही, मला पाठवण्यासाठी नव्हे. देवासमोर ते मोठ्याने वाच, स्तोत्र ५१ वाच आणि मग तो कागद फाडून टाक. शनिवारी मी दिवसभर घरी आहे. त्या व्यक्तीकडे एकट्याने जाणे जड वाटले तर सांग. मी तिच्या दारापर्यंत तुझ्यासोबत येईन आणि बाहेर थांबेन.

प्रभूमध्ये तुझा,
एक वडीलधारा मित्र