दर वेळी वेगळी एरर देऊन संगणक बंद पडतो. दोष रॅमचाच आहे हे कसे ओळखावे?

विंडोज नव्याने टाकूनही संगणक दर वेळी निराळ्या संदेशाची निळी स्क्रीन दाखवून बंद पडतो आणि दुकानदार आता पॉवर सप्लाय बदलायला सांगत आहे, असे आपण लिहिले आहे. तो खर्च करण्यापूर्वी रॅमच्या आठ-आठ जीबीच्या आपल्या दोन्ही स्टिक्स (मदरबोर्डवर बसवायच्या पट्ट्या) तपासून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

मला रॅमचा संशय येतो तो एररच्या त्या निराळेपणामुळे. एखादा ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) बिघडलेला असेल, तर बहुधा तेच काम करताना तीच एरर येते. परंतु रॅममधील एखादा बिट (माहितीचा सर्वांत लहान घटक) चुकीचा वाचला जात असेल, तर त्या क्षणी त्या जागी काय ठेवलेले आहे यावर परिणाम ठरतो. म्हणून कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असा संदेश येतो, तर कधी नीट उतरवलेली झिप फाइल उघडतानाच सीआरसी एरर (फाइलमधील माहिती जुळत नसल्याचा संदेश) येते. याच कारणाने सदोष रॅम असताना साठवलेल्या फायली गुपचूप बिघडू शकतात. महत्त्वाच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. जुन्या बॅकअपवर त्या मुळीच लिहू नका.

विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिकने दोष दाखवला तर तो गांभीर्याने घ्यावा, पण त्याने ‘दोष नाही’ म्हटले म्हणून निश्चिंत होऊ नये. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करा आणि चाचणी रात्रभर चालू द्या, कारण काही दोष स्टिक तापल्यावरच दिसतात. एकही चूक क्षम्य मानू नका. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली सर्व्हरच्या रॅमचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही एकदा चुकलेली स्टिक पुन्हा चुकण्याची शक्यता खूपच वाढते, असे आढळले होते.

चुका दिसल्या तर प्रथम बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम अधिक वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून चाचणी पुन्हा घ्या. डीडीआर४ रॅमचे प्रमाणित व्होल्टेज १.२ असते, तर एक्सएमपी चालू केल्यावर अनेक स्टिक्स १.३५ व्होल्टवर अधिक वेगाने चालतात, आणि तो वेग प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला किंवा मदरबोर्डला पेलत नसेल तर निर्दोष स्टिकवरही चुका दिसतात. तरीही चुका राहिल्या, तर संगणकाची वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून एकच स्टिक ठेवा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या त्याच स्लॉटमध्ये दोन्ही स्टिक्स आळीपाळीने तपासा. चुका एकाच स्टिकवर दिसल्या तर ती स्टिक खराब. दोन्ही स्टिक्स एकाच स्लॉटमध्ये चुकल्या आणि दुसऱ्यात चालल्या, तर तो स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधील पिना पाहाव्या लागतील. (आपल्याकडे स्टिकचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासतात, त्याचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ कापड बरे.)

रात्रभराची चाचणी निर्दोष ठरूनही संगणक खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना बंद पडत राहिला, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे विचारात घ्यावे, कारण मेमटेस्ट ग्राफिक्स कार्डावर भार टाकत नाही आणि पॉवर सप्लायचा कमकुवतपणा त्यात उघड होत नाही. स्टिक खराब निघाली तर आधी वॉरंटी पाहा. जोडी म्हणून घेतली असेल, तर दोन्ही स्टिक्स एकत्र मागितल्या जाण्याची शक्यता आहे.