वडोदऱ्यातल्या मांडवीच्या सायकल फेरीला पहिल्यांदा येताय ना?

ताई, दमाल म्हणून घाबरू नका. चार दरवाज्यांचा भाग, म्हणजे जुनं शहर, सपाट आहे आणि गाइड सारखा थांबतोच. लक्ष द्या ते सायकलकडे, आधी सीटच्या उंचीकडे. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवून पाहा, पाय जवळपास सरळ व्हायला हवा. नवी मंडळी संकोचाने मिळेल त्या उंचीवर बसतात आणि पाणीगेट दरवाजा येईपर्यंत गुडघे धरतात. दोन्ही ब्रेक तपासा, ओढणी घट्ट बांधा.

- एकामागे एक चला, गप्पा थांब्यावर.
- चालत्या सायकलवरून फोटो नको. लहरीपुरा दरवाज्याच्या कमानीत समोरून रिक्षा येते.
- पाणी पाठीवर नको, बास्केटमध्ये ठेवा.

सगळंच पाहायचा हट्ट सोडा. न्यायमंदिर (जुन्या कोर्टाची इमारत, १८९६) सूरसागर तलावाच्या बाजूनेही निवांत बघता येतं. तांबेकर वाडा उघडा असेल तर मात्र घाई करू नका: एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, दिवाणांचं घर होतं ते. एका भिंतीसमोर उभं राहून पगड्या, घोडे, दागिने सावकाश बघा. फार सुंदर आहे हो!

गिअरबिअर आत्ता विसरा. आणि सेव-उसळ फेरी संपल्यावरच खा.